मार्चमध्ये आलेली उचल : एका हंगामी वसतिगृहाच्या निधी-प्रस्तावाचे प्रकरण

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात एक सार्वजनिक विश्वस्त संस्था ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. बँकेतून निवृत्त झाल्यानंतर ऑगस्ट २०२२ पासून तीन हंगाम मी या संस्थेचे निधी-प्रस्तावांचे काम स्वयंसेवक म्हणून सांभाळले. पहिल्याच वर्षी मंजूर झालेल्या अनुदानातील जवळपास ऐंशी टक्के रक्कम आम्हाला परत पाठवावी लागली. ती वेळ का आली, तिच्यात माझा वाटा किती होता आणि पुढच्या दोन हंगामांत कामाची मांडणी कशी बदलली, हे या लेखात नोंदवले आहे. संस्थेचे व कंपनीचे नाव दिलेले नाही आणि रकमा हजारांत पूर्ण केलेल्या आहेत.

हंगाम आणि वसतिगृह

ऊसतोडीची भाषा ज्यांच्या कानावरून गेलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर या भागांतून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मजुरांची मोजणी माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम पावसाळ्यातच या जोडीला आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. जेवढी फिटली नाही तेवढी बाकी अंगावर बसते आणि पुढच्या हंगामाला बांधून घेते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात.

आई-वडील गेल्यावर मूल गावातच राहिले तर शाळा टिकते, बरोबर गेले तर बहुतेक वेळा सुटते. शाळांमार्फत चालणारी शासनाची हंगामी वसतिगृहे याच कारणासाठी आहेत. आमच्या संस्थेचे वसतिगृह त्यांच्याखेरीज, लोकवर्गणीवर आणि मिळेल त्या देणगीवर चालत होते. भाड्याची एक जुनी इमारत, गृहपाल दांपत्य, दोन स्वयंपाकिणी, संध्याकाळी अभ्यास घेणारा एक तरुण आणि हिशेब पाहणारा वाणिज्य शाखेचा एक पदवीधर, एवढाच कारभार होता. कार्यवाह हे निवृत्त शिक्षक. गावात सगळे त्यांना सरच म्हणत आणि मीही तेच म्हणू लागले.

पहिले तीन महिने : कागद

संस्थेने आधीच्या तीन वर्षांत पाठवलेले प्रस्ताव मी प्रथम वाचून काढले. सर्वांची भाषा कळवळ्याची होती आणि सर्वांत एकच आकडा होता : ७० मुले, १२ महिने, दरमहा प्रत्येकी २,१०० रुपये, एकूण १७ लाख ६४ हजार. हा आकडा कोणी, कधी काढला हे कोणालाच आठवत नव्हते. मी तो तपासला नाही. आयुष्याची पस्तीस वर्षे कर्जप्रकरणे छाननारी मी, या एका आकड्यापुढे डोळे मिटून गेले. त्या वेळी मला अडचण भाषेची आणि कागदपत्रांची वाटत होती.

कागदपत्रांची अडचण अर्थात खरीच होती. २०१९ मध्ये एका विश्वस्तांचे निधन झाले होते, त्यांच्या जागी दुसऱ्यांची निवड झाली होती, पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात दाखल करावयाचा बदल अर्ज कोणी केलाच नव्हता. परिणामी विश्वस्तांची नावे असलेल्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर मृत व्यक्तीचे नाव होते आणि बँकेत सह्या तिसऱ्याच जोडीच्या चालत होत्या. कोणत्याही कंपनीचा छाननी करणारा माणूस येथेच थांबतो. विलंब माफीच्या अर्जासह तो बदल अर्ज दाखल करून घेणे, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील माहिती अद्ययावत करणे आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ (सीएसआर म्हणजे कंपन्यांचे सामाजिक दायित्व) हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक मिळवणे, यांत ऑक्टोबर संपला. १ एप्रिल २०२१ पासून हा क्रमांक असल्याशिवाय कोणतीही कंपनी आपला सामाजिक दायित्व निधी संस्थेमार्फत खर्च करू शकत नाही, आणि आयकर कायद्याखालील १२ अ (संस्थेला करमाफी) व ८० जी (देणगीदाराला करसवलत) या दोन्ही नोंदण्या असल्याशिवाय आमच्यासारख्या विश्वस्त संस्थेला हा क्रमांक मिळत नसे. सुदैवाने त्या दोन्ही नोंदण्यांचे नूतनीकरण संस्थेच्या सनदी लेखापालांनी वेळेवर करून ठेवले होते.

पोर्टलवर संपर्कासाठी माझाच मोबाइल क्रमांक दिला, कारण सरांच्या गावी रेंज नीट मिळत नसे. ही सोय पुढे कशी अडचणीची ठरली, ते ओघाने येईलच.

नोव्हेंबरमध्ये पुण्यातील एका उत्पादन कंपनीकडे प्रस्ताव गेला. मी त्याची भाषा आवरली, मजकूर निम्म्यावर आणला, शाळेतील उपस्थितीचे दाखले जोडले आणि १७ लाख ६४ हजारांचा आकडा जसाच्या तसा ठेवला.

६ मार्च २०२३

फेब्रुवारीत मंजुरी आली, २ मार्चला सामंजस्य करारावर सह्या झाल्या आणि ६ मार्चला पहिला हप्ता म्हणून ८ लाख ८२ हजार रुपये खात्यात जमा झाले. संस्थेच्या इतिहासात एवढी रक्कम एकगठ्ठा कधीच आली नव्हती. गृहपालांच्या पत्नीने त्या संध्याकाळी मुलांसाठी शिरा केला. दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या सीएसआर विभागातून पत्र आले, की या हप्त्याचे सनदी लेखापालांच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, ३१ मार्चच्या तारखेचे हवे.

या मागणीमागे कंपनीची लहर नव्हती. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, लगतच्या आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम दरवर्षी सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे खर्च झाला, असे मंत्रालय मानत नाही. संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले पाहिजेत, असा खुलासा ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात आहे. म्हणून वर्षाअखेरीला घाईने वाटलेला पैसा वर्षाअखेरीलाच संपलेला दिसावा, अशी कंपन्यांची धडपड असते. कंपनीचे वर्ष मार्चमध्ये संपते आणि आमचे वसतिगृह तेव्हा रिकामे व्हायला लागलेले असते. या दोन वर्षांचा मेळ घालण्याचा विचार प्रस्ताव लिहिताना ना मी केला होता, ना संस्थेने.

मी, सर आणि हिशेबनीस असे तिघे त्या रविवारी कोठीच्या खोलीत बसलो. एका बाजूला ज्वारीची पोती, भिंतीला खिळ्यावर लटकवलेला किराणा दुकानदाराचा खतावणीचा कागद आणि समोर हजेरीपट. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुले ४९ होती. दररोज प्रत्येक मुलामागे जेवणाचा खर्च ६२ रुपये येत होता. उरलेल्या पंचवीस-सव्वीस दिवसांचे जेवण, महिन्याचे मानधन, पाण्याचे टँकर, औषधे आणि गरजेच्या थोड्या सतरंज्या-चादरी धरून ३१ मार्चपर्यंत खरा खर्च १ लाख ७१ हजारांच्या पलीकडे जात नव्हता.

मार्ग तीन दिसत होते. नोव्हेंबरपासून दुकानदाराची २ लाख ४० हजारांची उधारी थकली होती, ती या पैशातून भागवावी, हा पहिला. पण तो किराणा करारापूर्वी आलेला आणि करारापूर्वीच शिजून संपलेला. करारात खर्चाची गणना सहीच्या तारखेपासून होती. पुढच्या हंगामाच्या धान्याची बिले दुकानदाराकडून आताच घेऊन ठेवावीत, माल ऑक्टोबरात उचलावा, हा दुसरा. दुकानदार तयार होता आणि तसे करणे या भागात कोणाला वावगे वाटले नसते. खरे ते कंपनीला लिहून कळवावे, हा तिसरा.

सरांचा कल दुसऱ्या मार्गाकडे होता, आणि त्यांचे म्हणणे निव्वळ लबाडीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. पैसा मुलांच्याच पोटात जाणार होता, फक्त सहा महिने उशिरा. ते म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं हात पसरतोय. आलेला पैसा परत पाठवणारी संस्था कुणी बघितलीय का?" मी कायदा सांगू लागले. तेवढा वेळ गप्प बसलेला हिशेबनीस खतावणीचा कागद घडी करत म्हणाला, "सर, ही तर उचलच झाली की. माल आला नाही तरी बिल फाटलं, म्हणजे बाकी आपल्या अंगावर बसली." त्याचे आई-वडील बावीस हंगाम कोयता होते. त्यापुढे बिलांचा विषय निघाला नाही.

पत्र आणि प्रश्न

१४ मार्चला मी कंपनीला पत्र पाठवले. ३१ मार्चपर्यंत १ लाख ७१ हजारच खर्च होतील, एप्रिलच्या मध्यावर वसतिगृह बंद होईल आणि उरलेली रक्कम पुढील हंगामात वापरता यावी, असा त्याचा आशय होता. पत्र पाठवताना मला आपण फार सचोटीने वागत आहोत असे वाटत होते. दोन दिवसांनी सीएसआर विभागाच्या अधिकारी बाईंचा फोन आला. त्यांचा आवाज त्रासलेला होता, पण प्रश्न अगदी सरळ होता : "मॅडम, तुमच्या प्रस्तावात सत्तर मुलं, बारा महिने लिहिलंय. मग मे महिन्यात ही मुलं असतात कुठे?"

मला उत्तर देता आले नाही. बिल खोटे नको म्हणून मी सरांशी वाद घातला होता आणि माझ्याच सफाईने लिहिलेला प्रस्ताव मुळात खोटा होता. सत्तर ही इमारतीची क्षमता होती, मुलांची संख्या नव्हती. बारा महिने हे सोयीसाठी लिहिलेले होते, कारण देणाऱ्यांच्या अर्जात रकाना वर्षाचा असतो. कोणी मुद्दाम फसवले नव्हते. पण कर्जदाराने सहा महिने पिकणारी जमीन बारमाही बागायत म्हणून दाखवली असती, तर मी ते कर्ज पहिल्याच दिवशी नामंजूर केले असते.

मी फोनवर चूक मान्य केली आणि आठ दिवसांत हजेरीपटावरून नवा हिशेब देते असे सांगितले. प्रकरण येथेच संपले असते, तर कंपनीला दोष देता आला नसता. ते संपले नाही, याचे श्रेय कायद्यातील एका तरतुदीला आणि ती तरतूद वापरण्याची तसदी घेणाऱ्या त्या बाईंना आहे. एका वर्षात न संपणारे काम कंपनीचे संचालक मंडळ 'चालू प्रकल्प' म्हणून मान्य करू शकते; प्रारंभीचे वर्ष सोडून त्याची मुदत तीन वर्षांपर्यंत असू शकते आणि आधी एका वर्षासाठी मंजूर झालेल्या कामालाही योग्य कारण नोंदवून मुदत वाढवून देता येते. अशा प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीने वेगळ्या 'अखर्चित सीएसआर खात्यात' टाकावयाची आणि पुढील तीन आर्थिक वर्षांत खर्च करावयाची असते. प्रकल्प चालू स्वरूपाचा नसेल, तर तीच रक्कम सहा महिन्यांच्या आत कायद्याच्या अनुसूची सातमधील एखाद्या निधीला द्यावी लागते आणि मग ती संस्थेच्या दृष्टीने गेलीच.

कंपनीने प्रकल्प चालू म्हणून घेतला, मात्र शिल्लक रक्कम परत मागवली. २८ मार्चला आम्ही ७ लाख ११ हजार रुपये परत पाठवले. आरटीजीएसच्या अर्जावर सरांनी सही केली आणि काही न बोलता ते शाळेकडे निघून गेले. त्यानंतर जवळपास महिनाभर त्यांनी माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले.

अधिकार नसलेली जबाबदारी

त्या महिन्यात मला जे कळले ते निधीबद्दल कमी आणि स्वयंसेवकाच्या जागेबद्दल जास्त होते. संस्थेच्या वतीने मी कंपनीला पत्र लिहिले, पैसे परत करण्याची तयारी दाखवली. पण तसा अधिकार मला कोणी दिला होता? विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्तात माझे नावसुद्धा नव्हते. पगारी माणसाला नेमणूकपत्र असते, विश्वस्ताला परिशिष्टावरचे नाव असते, स्वयंसेवकाला फक्त लोकांची भीड असते. आणि भिडेवर चाललेल्या कामात एखादा निर्णय अंगाशी आला की तो कोणाचा, हे ठरवता येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी होती. मी पगार घेत नसल्याने मला कोणी जाब विचारत नव्हते, आणि म्हणूनच तो १७ लाख ६४ हजारांचा आकडा माझ्या हातून तसाच पुढे गेला.

मे महिन्याच्या बैठकीत मी स्वतःच एक ठराव मांडला. संस्थेच्या वतीने कोणताही आर्थिक शब्द देण्याचा अधिकार कार्यवाहांनाच राहील. प्रस्तावातील प्रत्येक संख्येपुढे ती कोणत्या नोंदवहीतून घेतली हे हिशेबनीस लिहील आणि त्याची सही असल्याशिवाय प्रस्ताव बाहेर जाणार नाही. बँकेचे उतारे आणि हजेरीपट मला दरमहा पाहायला मिळतील. एका ज्येष्ठ विश्वस्तांना हे माझ्यावरच अविश्वास दाखवणारे वाटले. ठराव मंजूर झाला. सरांनी तो इतिवृत्तात स्वतःच्या अक्षरात लिहिला, त्यावरून आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले असे मी समजते.

हजेरीपटावरून काढलेला हिशेब

नवा हिशेब आम्ही मुलांच्या संख्येवर न करता मुक्कामाच्या दिवसांवर केला. एक मूल एक दिवस वसतिगृहात राहिले की एक दिवस धरायचा. (याला मी आधी 'बालदिवस' असे नाव दिले होते, ते वाचून हिशेबनिसाने चौदा नोव्हेंबरचा खर्च वेगळा काढून ठेवला, तेव्हा शब्द बदलून 'मुक्कामदिवस' केला.) २०२२-२३ च्या हंगामात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात सरासरी १४ मुले होती, नोव्हेंबरमध्ये ४५, डिसेंबरमध्ये ६६, जानेवारीत ६१, फेब्रुवारीत ५८, मार्चमध्ये ४९ आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात २२. बेरीज ८,९८४ मुक्कामदिवसांची झाली. अंदाजपत्रकासाठी ९,००० धरले. जेवण ५ लाख ५८ हजार, मानधन ३ लाख ८२ हजार, आणि भाडे, टँकर, औषधे, वीज, अंथरूण-पांघरूण, वह्या, प्रवास व लेखापरीक्षण मिळून ३ लाख ३० हजार. एकूण १२ लाख ७० हजार.

जुन्या मागणीपेक्षा हा आकडा जवळपास पाच लाखांनी कमी होता. कमी मागायचे म्हणजे आपण आधी जास्त मागत होतो असे कबूल करणे, हे सरांना जड गेले आणि मलाही. पण जुन्या आकड्यात जेवण, भाडे आणि मानधन २,१०० रुपयांच्या एकाच पोटात दडलेले होते. त्यामुळे कंपनीने कशाचे पैसे दिले हे आम्हालाही सांगता येत नसे. आता प्रत्येक खर्च उघडा होता, आणि उघडा झाल्याबरोबर त्यावर कात्री चालवू पाहणारेही आले.

कंपनीच्या नमुन्यात 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा' असे छापलेले होते आणि त्यांनी गृहपाल, स्वयंपाकिणी, हिशेबनीस या सर्वांचे मानधन त्या पाच टक्क्यांत बसवायला सांगितले. हा गैरसमज बराच पसरलेला आहे. सीएसआर नियमांमधील ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, आणि त्या व्याख्येतूनही एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी व देखरेख यांवर थेट झालेला खर्च वगळलेला आहे. वसतिगृहात गृहपाल हाच प्रकल्प असतो. पलंग आणि सौर बंब घेऊन मुले रात्री एकटी झोपत नाहीत. मी नियमाचा मजकूर जोडून पत्र लिहिले. गृहपाल, स्वयंपाकिणी आणि अभ्यास घेणारा तरुण यांचे मानधन मान्य झाले. हिशेबनिसाचे मात्र अर्धेच मान्य झाले आणि ते आजही अर्धेच आहे. ज्याच्या सहीशिवाय आकडा बाहेर जात नाही, त्याच्याच पगाराला कोणी वाली नाही, ही तक्रार मी नोंदवून ठेवते.

कोणता पैसा कोणत्या महिन्यात

खरा बदल हप्त्यांच्या मांडणीत झाला. कंपनीकडून आम्ही पूर्ण १२ लाख ७० हजार मागितलेच नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खर्च कंपनीचा आणि मार्च-एप्रिल व बंद काळातील भाडे यांचा खर्च लोकवर्गणीचा, अशी वाटणी केली. कंपनीकडे मागणी १० लाख २० हजारांची गेली. त्यातील ७ लाख ११ हजार, म्हणजे आम्ही परत पाठवलेलीच रक्कम, अखर्चित खात्यातून सप्टेंबर २०२३ मध्ये मिळाली आणि ३ लाख ९ हजार डिसेंबरमध्ये चालू वर्षाच्या तरतुदीतून. फेब्रुवारीअखेर कंपनीचा रुपयाही आमच्या हातात उरत नसल्यामुळे ३१ मार्चच्या उपयोगिता प्रमाणपत्राचा प्रश्नच मिटला. सप्टेंबरमध्ये रोख हातात आल्याने दिवाळीआधी ज्वारी आणि डाळ मोंढ्यातून एकदम घेता आली, किराणा दुकानाच्या उधारीवर वर्ष काढावे लागले नाही.

लोकवर्गणीचे अडीच लाख उभे करण्याचे काम सरांनी आपल्याकडे घेतले, आणि ते माझ्यापेक्षा त्यांनाच जमण्यासारखे होते. त्यांचे जुने विद्यार्थी पुणे, चाकण, छत्रपती संभाजीनगर येथे नोकरीला आहेत. काहींनी पैसे दिले, आसपासच्या शेतकऱ्यांनी पायली-दोन पायली ज्वारी दिली. धान्याच्या देणगीला ८० जी ची सवलत मिळत नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला मिळते, हे दर वेळी नव्याने समजावून सांगावे लागते.

जेथे आकडा हजेरीशी जुळत नाही

तिसऱ्या हंगामात मांडणीची पुन्हा परीक्षा झाली. गाळप हंगाम सुरू करण्याची तारीख राज्य शासन ठरवते. २०२२-२३ मध्ये ती १५ ऑक्टोबर होती, २०२३-२४ मध्ये १ नोव्हेंबर आणि २०२४-२५ मध्ये १५ नोव्हेंबर. त्यातच २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचे मतदान होते, तोवर आमच्याकडच्या बऱ्याच टोळ्या हलल्या नाहीत. ऑक्टोबरअखेर वसतिगृहात तीन मुले होती आणि कंपनीच्या तिमाही तक्त्यात उद्दिष्ट पंचेचाळीसचे होते. यावेळी मात्र आमच्याजवळ उत्तर होते. करारात उद्दिष्ट मुक्कामदिवसांत लिहिलेले असल्याने तारीख पुढे सरकली तरी हिशेब सरकवता आला, आणि उरलेला खर्च फेब्रुवारीऐवजी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत नेण्यास कंपनीने ईमेलवर संमती दिली.

दुसरी गोष्ट इतकी सोपी नव्हती. डिसेंबरनंतर दरवर्षी हजेरी उतरते. हजेरीपटावर गृहपाल अशा मुलांपुढे लाल शाईने फुली मारतात आणि समासात कारण लिहितात. जानेवारी २०२४ च्या पानावर एका अकरा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे लिहिले आहे : 'आई घेऊन गेली. लहान भाऊ खोपीवर. सांभाळायला कोणी नाही.' आई एसटीने रात्री आली, सकाळच्या गाडीने मुलीला घेऊन गेली. अशा फुल्या त्या पानावर पाच आहेत आणि त्यांतील चार मुलींच्या आहेत. कंपनीच्या अहवालाच्या नमुन्यात 'गळती' असा एक रकाना आहे आणि वरच्या माणसांना तेथे शून्य पाहायला आवडते. अधिकारी बाईंनी सुचवले, की हंगाम संपल्यावर या मुली गावच्या शाळेत परत येतात, तेव्हा त्यांना गळतीत धरू नये. शाळेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. वसतिगृहाच्या दृष्टीने ते बरोबर नाही, कारण त्या मुलीला ज्यासाठी येथे ठेवले होते, नेमके तेच घडले नाही.

आम्ही पाच हाच आकडा लिहिला आणि समासातील कारणे जशीच्या तशी जोडली. पुढच्या प्रस्तावात दोन ते पाच वर्षांच्या भावंडांना सांभाळण्यासाठी एका मदतनीस बाईचे मानधन आणि एक खोली मागितली. तो प्रस्ताव कंपनीने मान्य केला नाही. लहान मुलांची जबाबदारी घेण्याची त्यांची तयारी नव्हती आणि खरे सांगायचे तर सरांचीही नव्हती. तो विषय अजून तसाच पडलेला आहे.

हस्तांतर

२०२४ च्या जुलैमध्ये माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याच दिवशी हिशेबनीस आयकर पोर्टलवर देणग्यांच्या विवरणातील एक दुरुस्ती भरत होता आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर येत होता. मोबाइल मुलाच्या खिशात होता, मुलगा औषधे आणायला गेला होता, आणि मी डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. त्या दिवशी काम झाले नाही. दुसऱ्या दिवशी झाले. नुकसान काही नाही. पण आयकर, दर्पण, सीएसआर-१, कंपनीचे स्वतःचे पोर्टल आणि बँक, अशा पाच ठिकाणी संस्थेची किल्ली माझ्या खाजगी मोबाइलमध्ये अडकली होती, हे त्या दिवशी उघडे पडले. मी गेले असते, तर धर्मादाय कार्यालयातील मृत विश्वस्ताच्या नावासारखेच माझेही नाव पोर्टलांवर वर्षानुवर्षे राहिले असते.

संस्थेच्या नावाने नवे सिमकार्ड घेतले. एकेका पोर्टलवर क्रमांक बदलायला सप्टेंबर उजाडला. चार ठिकाणी बदल झाला, पाचव्या ठिकाणी प्राधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते म्हणून ते हंगाम संपेपर्यंत लांबले. मे २०२५ च्या बैठकीत मी प्रस्तावांचे काम हिशेबनिसाकडे सोपवले. २०२५-२६ चा प्रस्ताव त्याने एकट्याने तयार केला आणि मला फक्त वाचायला पाठवला. मुक्कामदिवसांचा तक्ता चोख होता. शेवटच्या पानावर मात्र 'लाभार्थी : ७० मुले' असे होते. मी त्याखाली रेघ ओढून विचारले, "हे कुठून आलं?" अर्ध्या तासात त्याचे उत्तर आले : "जुन्या फाइलमधून, ताई. काढतो."